सहा पायांचा ठेका

बालवर्गात मुंगीचे गाणे सुरू झाले की मुले बहुधा हातपाय टेकून रांगू लागतात. ही चाल मांजराची झाली. कीटकास पाय सहा, व ते सर्व त्याच्या वक्षभागास जोडलेले असतात. ही गोष्ट नुसती सांगून मुलांच्या लक्षात राहत नाही. चालून मात्र राहते.

त्यासाठी तीन मुले एकामागे एक उभी करावीत. मागच्याने पुढच्याच्या खांद्यांवर हात ठेवावेत. डफाच्या पहिल्या ठोक्यास पहिल्या व तिसऱ्या मुलाने डावा पाय टाकावा, मधल्याने उजवा. दुसऱ्या ठोक्यास याच्या उलट. मुंगी किंवा झुरळ चालताना बहुधा असेच तीन पाय उचलते. टेकलेल्या तिघांची तिवई होते, आणि तोल जात नाही. मधले मूल आरंभी हमखास चुकते, रांग कोलमडते व हशा पिकतो. अशा वेळी ठेका संथ करावा, मूल बदलू नये.

रातकिड्याच्या गाण्यास गळा नकोच. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून आवाज काढतो. मुलांनी फणीच्या दातांवरून काडी फिरवावी. थंडीत ही लय मंदावते, तेव्हा 'थंडी पडली' म्हणताच काडीही मंदावली पाहिजे. ऐकणाऱ्या मुलांनी कानांऐवजी हात पुढे करावेत, कारण रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात!

नंतर अंगणातील मुंग्यांची रांग दाखवावी. किडा दिसताच पाय आपटणारे मूलही पाय मोजण्यासाठी वाकेल. मुंगीचे पाय भरभर हालतात, मोजणे साधत नाही; म्हणून एखादा मेलेला भुंगेरा काचेच्या बाटलीत जवळ असावा.