मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू होत नाही तेव्हा

मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला नाही की तो बिघडला, असे आपण लगेच मानतो. परंतु पुष्कळदा एखादी संरक्षक योजनाच त्याला अडवीत असते. म्हणून कारणांचा क्रमाने शोध घेणे इष्ट होय.

प्रथम यंत्राबाहेरील कारणे पाहावीत. ओव्हनचा प्लग काढून त्याच सॉकेटवर इस्त्री लावावी. ती तापली नाही, तर दोष घरातील वीजजोडणीत आहे. ती तापली, तर ओव्हनकडे वळावे. त्याची दर्शकपट्टी उजळत असेल, तर वीज आतपर्यंत पोचत आहे. अशा वेळी मुलांपासून संरक्षण करणारे कुलूप-बटण चुकून दाबले गेले आहे काय, वेळ नीट लावली आहे काय, हे पाहावे.

यानंतर दाराकडे लक्ष द्यावे. ओव्हनमधील तरंगांची वारंवारता सुमारे २४५० मेगाहर्ट्झ असते. ते बाहेर पडू नयेत, म्हणून दाराच्या खिट्टीमागे बहुधा तीन छोटे स्विच बसविलेले असतात. दार पूर्ण मिटल्याखेरीज यंत्र चालूच होत नाही. खिट्टीत अन्नकण अडकले असल्यास प्लग काढून ती ओल्या फडक्याने पुसावी.

दर्शकपट्टीही अंधारी असेल, तर आतील फ्यूज जळला असण्याचा संभव आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दार उघडल्यावरही मुख्य स्विच चिकटून राहिला, तर तिसरा स्विच जाणूनबुजून लघुपथन घडवून फ्यूज जाळतो. अर्थात जळलेला फ्यूज हा रोग नव्हे; ते रोगाचे लक्षण होय. त्याच्या जागी जाड तार बसविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच हाकलून देणे.

फ्यूज आवरणाच्या आत असतो, आणि ते आवरण गृहस्थाने कधीही उघडू नये. आतील ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि धारित्र (कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात) मिळून मॅग्नेट्रॉनला सुमारे ४००० व्होल्ट पुरवितात. प्लग काढल्यानंतरही धारित्रात विद्युत्‌भार साठून राहू शकतो, आणि त्याचा स्पर्श प्राणघातक ठरू शकतो. तो भार सुरक्षितपणे कसा उतरवावा, हे जाणणाऱ्या कारागिराकडेच पुढील काम सोपवावे. मात्र वरील निरीक्षणे त्याला सांगावीत. दोष शोधण्याचे त्याचे काम त्यामुळे सोपे होईल.