पॉलिशचे मशीन आणि वीज

खंडेनवमी जवळ आली, की आपल्याकडे गाड्या धुण्याची एकच गर्दी उडते. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, मोटारसायकल. सगळ्यांना आंघोळ घालायची, पुसायचे आणि झेंडूची माळ बांधायची. पण हल्ली नुसते धुऊन भागत नाही. गाडी आरशासारखी चमकली पाहिजे. म्हणून बारामतीत, इंदापुरात, भिगवणकडच्या हमरस्त्यावर गाड्या धुण्याच्या दुकानांतून पॉलिशचे विजेचे मशीन आले आहे. गावातल्या पोरांना त्यावर काम मिळते. कोणी मशीन विकत घेऊन घरच्या अंगणातच धंदा मांडतो.

धंदा चांगला आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हे काम पाण्याच्या शेजारी चालते. गाडी ओली, फरशी ओली, माणूस ओला, आणि हातात विजेचे मशीन!

आधी मशीन पाहू. त्याच्या तोंडाशी एक गोल तबकडी असते. तिच्यावर स्पंजचे किंवा लोकरीचे पॅड बसते. ते मिनिटाला साधारण ६०० ते ३००० फेरे घेते. काहीजण पैसे वाचवायला लोखंड कापायच्या लहान ग्राइंडरलाच पॉलिशचे पॅड लावतात. असे कधीही करू नये. त्या ग्राइंडरचे फेरे मिनिटाला दहा-अकरा हजार. तेवढा वेग त्या पॅडला सोसत नाही. पॅड फाटून तोंडावर येते. गाडीचा रंग जळतो तो वेगळाच.

फिरत्या पॅडला सैल वस्तू दिसली की ते ओढून घेते. गळ्यातला गमछा, साडीचा पदर, मनगटाचा गंडा, लोंबणारी बाही, सगळे आधी आवरून घ्या. मशीनची वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, म्हणजे ती पॅडखाली येणार नाही. वायपर, आरसा, नंबरची पाटी यांच्याजवळ हात सावध ठेवा. तिथे पॅड अडकले, तर मशीन हाताला हिसका देते. डोळ्यांना चष्मा लावा, कारण पॉलिशचे शिंतोडे उडतात. पेट्रोलचा बोळा जवळ ठेवू नका. मशीनच्या पोटात कार्बनजवळ बारीक ठिणग्या पडत असतात.

आणखी एक. बटन दाबून अडकवून ठेवायची सोय या मशीनला असते. काम चालू असता वीज गेली. आपण मशीन बॉनेटवर ठेवले आणि चहाला गेलो. बटन तसेच अडकलेले! वीज आली, की मशीन आपोआप फिरू लागते आणि गाडीवरून उडी मारते. म्हणून वीज गेली रे गेली, की बटन सोडवा आणि प्लग काढा. पॅड बदलतानाही प्लग काढलाच पाहिजे.

आता विजेचे पाहू. गॅरेजात असे बोलणे नेहमी ऐकू येते.

"दादा, काळजी कशाला? बोर्डाला फ्यूज आहे की."

"मालक, फ्यूज कोणाला वाचवतो?"

"म्हणजे? माणसाला!"

"नाही. फ्यूज वायरीला वाचवतो."

वायरमनदादाचे म्हणणे खरे आहे. कसे ते हिशेबाने पाहा. वीज अँपिअरमध्ये मोजतात. एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर. पॉलिशचे मशीन साधारण ५ अँपिअर वीज ओढते. म्हणजे फ्यूज त्याहून जाड हवा. निदान ५००० मिलिअँपिअर वीज वाहीपर्यंत तो गप्प बसणार. माणसाचे काय? अंगातून १०-१५ मिलिअँपिअर गेले, की मूठ आवळते. धरलेली वस्तू सुटत नाही. १०० मिलिअँपिअर छातीतून गेले, तर काळजाचा ठोका बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणजे माणूस मरतो आणि फ्यूजला पत्ताही नसतो. एमसीबी नावाचा खटका बसवला, तरी गोष्ट तीच.

माणसासाठी वेगळा खटका मिळतो. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. तो कसा चालतो? आपल्याकडे नीरेच्या कालव्याचे पाणी सर्वांना ठाऊक आहे. वर किती सोडले आणि खाली किती पोचले, याची नोंद होते. कमी पोचले, तर वाटेत कुठे तरी फुटले. कालव्यात थोडे पाणी मुरते. विजेचे तसे नाही. एका तारेने जेवढी गेली, तेवढीच दुसऱ्या तारेने परत आली पाहिजे. हा खटका दोन्हींवर नजर ठेवतो. ३० मिलिअँपिअर कमी परत आली, की तो समजतो, वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो वीज तोडतो. चटका बसतो, पण बहुधा जीव वाचतो. विकत घेताना '३० मिलिअँपिअर' असे लिहिलेलाच मागा. मात्र दोन्ही तारा एकदम हातात आल्या, तर हा खटकाही फसतो.

खटका वारंवार पडू लागला, की काही मालक तो काढूनच टाकतात. म्हणे, धंद्याची खोटी होते! अहो, तो पडतो म्हणजे कुठे तरी वीज गळते आहे. गळती शोधा. खटक्यावर एक लहान बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. खटका पडला तर ठीक. नाही पडला तर वायरमनला बोलवा. मीटरच्या पुढची वायर आणि अर्थिंग यांची काळजी आपणच घ्यायची असते. तिथे महावितरणची वाट पाहू नये.

मशीनला तीन पिनांचा प्लग असेल, तर अर्थिंगची पिन तोडू नका. काही मशीनना दोनच पिना असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण पाहा. त्यांचे आवरण दुहेरी असते. पण आत पाणी शिरले, की दुहेरी आवरणाचाही भरवसा नाही. म्हणून धुण्याची जागा आणि पॉलिशची जागा वेगळी करा. गाडी कोरडी होऊ द्या. पायात रबरी बूट घाला. वायरीचा जोड जमिनीवर पडू देऊ नका. तुटलेल्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका.

एवढे करूनही कोणी चिकटला, तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला बाजूला करा. १०८ नंबरला फोन लावा. माणूस हाक मारूनही हलत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर त्याला कठीण जागेवर उताणा निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोराने दाबा. दोन इंच खोल, मिनिटाला शंभराच्या वर. गाडी येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याने हात द्यावा. मातीत पुरू नका, तोंडात पाणी घालू नका. माणूस उठून बसला आणि "मला काही झालं नाही" म्हणाला, तरी त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. काळजाचा ठोका बिघडला आहे का, ते डॉक्टर पट्टी काढून पाहतात.