एका इंग्रजी क्रियापदाचा मराठी संसार : ‘मिस’ आणि चुकणे, हुकणे, मुकणे

प्रास्ताविक

परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार करताना आपले लक्ष बहुधा नामांकडे जाते. टेबल, स्टेशन, डॉक्टर हे शब्द वस्तूबरोबर किंवा व्यवसायाबरोबर आले आणि राहिले. क्रियापद मात्र एकटे येत नाही. त्याच्याबरोबर वाक्याची एक ठेवण येते. कोणी केले, कोणाला झाले, दोष कोणाचा, भोग कोणाचा, यांची मांडणी येते. या घटकात आपण ‘मिस’ हे एकच इंग्रजी क्रियापद घेणार आहोत. ते आपण सर्वजण दिवसातून दोन-चार वेळा तरी वापरतो. घटक वाचताना जवळ एक वही ठेवावी आणि घरात, बाजारात, बसस्थानकावर कानावर पडणारी वाक्ये तिच्यात टिपत जावीत. भाषेच्या अभ्यासाला याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका अर्जामुळे. काही वर्षांपूर्वी पालम तालुक्यातील एक विद्यार्थिनी परीक्षेनंतर माझ्याकडे आली. सकाळची बस आलीच नाही, पुढची मिळेपर्यंत पेपर सुरू होऊन गेला होता. तिने अर्जात लिहिले होते, ‘मी पहिला पेपर मिस केला.’ अर्ज हाती घेणाऱ्या गृहस्थांनी ते वाक्य वाचून तिला विचारले, ‘का केला?’ त्यांच्या प्रश्नात खोच होती की नाही, हे सांगता येणार नाही. पण वाक्याने तो प्रश्न ओढवून घेतला होता, एवढे निश्चित. ‘माझा पहिला पेपर बुडाला’ असे तिने लिहिले असते, तर कदाचित ‘कसा बुडाला?’ असे विचारले गेले असते. ‘का केला’ आणि ‘कसा बुडाला’ यांच्यातील अंतर हाच या घटकाचा विषय होय.

इंग्रजीतील अर्थविस्तार

इंग्रजीत या क्रियापदाचा जुना अर्थ नेम न लागणे, लक्ष्यापर्यंत न पोहोचणे असा आहे. त्यापासून गाडी न मिळणे, भेट न होणे, कार्यक्रमाला हजर नसणे, एखादी गोष्ट नजरेतून सुटणे, असे अर्थ फुटले. पुढे ‘एखादी वस्तू जागेवर नाही हे ध्यानात येणे’ आणि त्यातून ‘ती नसल्याचे वाईट वाटणे’ येथपर्यंत शब्द पोहोचला. बाण आणि विरह यांना जोडणारी ही साखळी ध्यानात ठेवावी; तिच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

जाता जाता एक खुलासा. शाळेतील मुले शिक्षिकेला ‘मिस’ म्हणतात, त्या शब्दाचा या क्रियापदाशी काही संबंध नाही. तो ‘मिस्ट्रेस’ या नामाचा संक्षेप आहे. उच्चार एक, मूळ दोन, म्हणून कोशात त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात.

मराठीतील वाटणी

इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले, ते मराठीने अनेक क्रियापदांत वाटून दिले आहे. ही वाटणी मनमानी नाही.

परभणीच्या बसस्थानकावर गंगाखेडच्या गाडीची वाट पाहणारा मनुष्य उशिरा पोहोचला, तर म्हणतो, ‘माझी गाडी चुकली.’ या वाक्यात कर्ता गाडी आहे. क्रियापद तिच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. दोन गाड्या असतील तर ‘गाड्या चुकल्या’. प्रवासी केवळ ‘माझी’ या षष्ठीत उरतो. मी मात्र ‘रस्ता चुकलो’ असे म्हणतो, तेव्हा कर्ता मी होतो. रस्ता हे कर्म असूनही भूतकाळात क्रियापद कर्त्यालाच धरून राहते: ‘तो रस्ता चुकला’, ‘ती रस्ता चुकली’. शिकणे, विसरणे, पिणे या क्रियापदांचीही रीत अशीच आहे: ‘ती धडा शिकली’, ‘ती डबा विसरली’. आणि ‘मी गाडी चुकवली’ असे प्रयोजक रूप घेतले की हेतू आला. देणेकऱ्याने सावकाराची नजर चुकवावी तसा. म्हणजे चुकणे आणि चुकवणे यांत मराठीने दैव आणि हेतू वेगळे करून ठेवले आहेत.

हुकणे हे चुकण्याचे भावंड, पण त्याला ‘थोडक्यात’ या अर्थाची छटा आहे. नेम हुकतो, झेल हुकतो, संधी हुकते, एका गुणाने पहिला वर्ग हुकतो. जे हाताशी आले होते, तेच हुकते. जे कधी जवळ नव्हतेच, ते हुकले असे आपण म्हणत नाही.

मुकणे त्याहून जड आहे. ते चतुर्थीची अपेक्षा ठेवते: ‘पोर आईच्या मायेला मुकले’, ‘मुलगी शाळेला मुकली’, ‘एका रात्रीच्या गारपिटीने शेतकरी हाताशी आलेल्या पिकाला मुकला’. जे आपले होते किंवा आपले असायला हवे होते, त्यालाच मनुष्य मुकतो. चुकलेली गाडी उद्या पुन्हा येते. ज्याला मुकलो ते बहुधा येत नाही. आमच्याकडे दुष्काळाच्या वर्षांनी या क्रियापदाला फार काम दिले आहे.

बुडणे हे हक्काच्या दिवसाचे किंवा पैशाचे क्रियापद आहे. शाळा बुडते, तास बुडतो, मजुराचा रोज बुडतो. त्याच अर्थाचे ‘खाडा’ हे नाम शेतात, दुकानात आणि घरकामात चालते. दुधाचा खाडा, कामावरचा खाडा. महिनाअखेरच्या हिशेबात हा शब्द किती नेमका आहे हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. याखेरीज लिहिताना ओळ गळते, सांगायचे राहून जाते, पाळी चुकते, माणूस बेपत्ता होतो. (पोलीस ठाण्यात ‘मिसिंग दाखल केली’ असे ऐकू येते, तेथे क्रियापदाचे थेट स्त्रीलिंगी नाम झाले आहे.) आणि बसस्थानकाच्या दोन दारांशी दोघे एकमेकांची वाट पाहत उभे राहिले, तर त्याला ‘चुकामूक’ असा खास शब्द आहे. त्यात दोघांचाही दोष नाही, हे त्याचे वैशिष्ट्य.

‘मिस करणे’ आणि ‘मिस होणे’

आता इंग्रजी धातू मराठीत कसा बसला ते पाहू. परभाषेतील काही शब्द मराठीने पूर्ण पचवून त्यांना थेट क्रियापदाचे प्रत्यय लावले. बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे ही अरबी-फारसीची देणगी आहे. परभणीसारखे जिल्हे तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथील कचेरीची भाषा उर्दू होती, त्यामुळे असे शब्द आपल्या बोलीत अधिकच मुरले. इंग्रजी धातूंना मात्र हे भाग्य सहसा लाभत नाही. ‘मी बस मिसतो’ असे कोणी म्हणत नाही. थट्टेने ‘गूगलले’ म्हणतात तेवढेच. इंग्रजी धातूला करणे किंवा होणे यांचा हात धरूनच मराठी वाक्यात यावे लागते.

येथे परीक्षेच्या दृष्टीनेही उपयुक्त असा एक मुद्दा आहे. पुढील तीन वाक्यांचा प्रयोग ओळखा. ‘त्याची बस मिस झाली.’ ‘त्याने बस मिस केली.’ ‘त्याने तुला मिस केले.’ पहिल्यात क्रियापद ‘बस’ या कर्त्याप्रमाणे चालते. तो कर्तरी प्रयोग. दुसऱ्यात कर्ता तृतीयेत गेला आणि क्रियापद ‘बस’ या कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी झाले, तो कर्मणी. तिसऱ्यात कर्त्याला तृतीया, कर्माला ‘ला’, आणि क्रियापद दोघांपासून अलिप्त, नपुंसकलिंगी एकवचनी, तो भावे. धातू परका, पण प्रयोगांची सगळी यंत्रणा देशी. ‘भाषा बिघडली’ असे म्हणणाऱ्यांनी हे एकदा पाहावे. व्याकरण अजून जागेवर आहे.

मग बिघडले ते कुठे? ‘मिस होणे’ वापरले तर फारसे कुठेही नाही; ते ‘चुकणे’च्या जागी सहज बसते. ‘मिस करणे’ मात्र कर्त्याच्या माथी कृती मारते. जे आपल्या बाबतीत घडले, ते आपण केले, असे ते वाक्य बोलते. बोलण्यात हे खपून जाते, कारण चेहरा आणि आवाज सोबत असतात. अर्जात, तक्रारीत, जबाबात ते सोबत नसतात. म्हणून त्या विद्यार्थिनीला मी नवा अर्ज लिहायला लावला: ‘सकाळची बस न आल्याने मी वेळेत पोहोचू शकले नाही व माझा पहिला पेपर बुडाला.’ नियम आपल्या जागी राहिले आणि तो पेपर तिला पुढच्या सत्रातच द्यावा लागला. तरी आपले म्हणणे अर्जात नीट आले, याचे तिला समाधान होते.

‘मिसकॉल’ : एक उलटलेला शब्द

इंग्रजीत शब्द ‘मिस्ड कॉल’ असा आहे. मराठी बोलताना मधला व्यंजनगुच्छ सुटला आणि ‘मिसकॉल’ हे पुल्लिंगी नाम तयार झाले. तो येतो, पडतो, देतात, मारतात. मौज अशी की, मुळात ती कॉल घेणाऱ्याची चूक होती. त्याने तो घेतला नाही. आपल्याकडे ती करणाऱ्याची कृती झाली. ‘पोहोचलास की मिसकॉल दे.’ न घडलेली गोष्ट कोणी कोणाला देऊ शकते काय? तर्काने नाही, पण व्यवहाराने हो. २००३ पासून आपल्या देशात येणाऱ्या कॉलचे पैसे द्यावे लागेनासे झाले आणि खर्च सर्वस्वी फोन करणाऱ्यावर आला. तेव्हा एक वाजवून बंद करणे ही एक विनामूल्य लिपीच बनली. एक मिसकॉल म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे तू फोन कर. दुधवाल्याला एक म्हणजे उद्या खाडा. घरोघरी संकेत निराळे. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात पाठिंबा नोंदवायलाही मिसकॉल मागवले गेले. २०१६ नंतर अमर्याद कॉलचे पॅक स्वस्त झाले आणि ही लिपी ओसरली, शब्द मात्र टिकला.

विरहाचे व्याकरण

आता साखळीच्या शेवटच्या कडीकडे येऊ. ‘मी तुला मिस करते’ या अर्थी मराठीत पूर्वापार काय म्हणतात? ‘मला तुझी आठवण येते.’ येथे येणारी ती आठवण; जिला येते ती व्यक्ती चतुर्थीत. आठवणी अनेक असतील तर ‘येतात’. बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे या वाक्यातून कळतही नाही. भूक, तहान, झोप, राग, भीती यांचीही हीच रचना आहे. या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला लागतात, येतात, वाटतात. उर्दू-हिंदीत ‘मुझे याद आती है’, तेलुगूत ‘नाकु’, कन्नडमध्ये ‘ननगे’, असा अनुभवणारा चतुर्थीत ठेवण्याचा प्रघात भारतीय भाषांत दूरवर पसरलेला आहे. भिन्न कुळांतील शेजारी भाषांच्या अशा साम्यामुळेच एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला आणि पुढील अभ्यासकांनी या चतुर्थीचा त्यात समावेश केला.

जात्यावरच्या ओव्यांत आठवणीला ‘सय’ म्हणतात. आणि ‘करमत नाही’ हे तर केवळ अपूर्व क्रियापद आहे. ‘मला करमत नाही’ या वाक्यात कर्म नाही, आणि ज्याला कर्ता म्हणावे असेही कोणी नाही. मळमळणे, उजाडणे या भावकर्तृक क्रियापदांच्या जवळचे हे रूप. कोणावाचून करमत नाही, हे सांगणे बंधनकारक नाही. दिवाळीनंतर गंगाखेड, पालम भागातून ऊसतोडीला कुटुंबे बाहेर पडतात, काही मुले आजीजवळ मागे राहतात. त्यांतले मूल फोनवर ‘मला करमना’ एवढेच म्हणते. कोणाची आठवण येते ते सांगत नाही, सांगायची गरजही नसते. पलीकडच्या बाईला ते पुरते कळते.

याच मुलाने पुढे शहरातील वसतिगृहातून ‘मिस यू आई’ असा संदेश पाठवला, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. आपल्या घरांत प्रेम तोंडावर बोलून दाखवण्याची रीत कमी. ‘मला तुझी फार आठवण येते’ हे वडिलांना लिहिताना हात अडखळतो. परका शब्द मधे पडदा धरतो आणि पडद्याआडून बोलणे सोपे जाते. तेव्हा ‘मिस यू’ने मराठीतील एक रिकामी जागा भरली, असे माझे मत आहे. अडचण इतकीच की, त्यामागे ‘सय’ आणि ‘करमत नाही’ माहीतच नसतील, तर ते मूल दोन शब्दांना चुकले नव्हे, मुकले.

आता ती साखळी. इंग्रजीत नेम चुकण्यापासून विरहापर्यंत एकच शब्द गेला, तसे मराठीत झालेच नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण ‘ती सासरी गेल्यापासून घरात चुकल्यासारखे वाटते’ हे वाक्य पाहा. मराठीही चुकण्यापासूनच विरहापर्यंत आली आहे! फरक आहे तो जागेचा. इंग्रजी वाक्यात न गवसलेली असते ती दूरची व्यक्ती. ‘चुकल्यासारखे वाटते’ म्हणणारा मात्र स्वतःच चुकलेला असतो. कळपातून चुकलेल्या वासरासारखा.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांत ‘मिस’ऐवजी योग्य मराठी क्रियापद योजा आणि निवडीचे कारण लिहा: ‘आजारपणामुळे त्याने आठवडाभर काम मिस केले.’ ‘यादीतून तिचे नाव मिस झाले.’ ‘पूर्णा जंक्शनवर आम्ही एकमेकांना मिस केले.’ ‘अर्ध्या गुणाने त्याची निवड मिस झाली.’

२. ‘तिने आईला मिस केले’ आणि ‘तिला आईची आठवण आली’ या वाक्यांतील कर्ता, विभक्ती व प्रयोग स्पष्ट करा.

३. आपल्या घरातील वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीला विचारा की, माणूस दूर गेल्यावर जे वाटते त्याला त्यांच्या लहानपणी काय म्हणत. मिळालेले शब्द जसे उच्चारले तसेच, प्रमाण न करता, सोबत एकेका वाक्यासह वहीत उतरवा आणि संपर्कसत्राला येताना ती वही आणा.