समुद्राला आग्रह चालत नाही

आमच्या घरात ताट रिकामं दिसलं की वाढायचं, ही रीत. पाहुणा 'पुरे' म्हणाला तर त्याचा अर्थ 'अजून एक' असा घ्यायचा. अशा घरात, नाशिकच्या इंदिरानगरात, मी सहा वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक मांडला. लहानपणी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं तेव्हापासूनचं ते खूळ. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयासमोर मरीन ड्राइव्ह ओलांडला की समुद्र. आमचा समुद्र कसारा घाटाच्या खाली. हा फरक केवढा मोठा आहे, ते माशांना खायला घालता घालता कळलं. चुका करून शिकलेलं हे थोडं.

१. मासा 'पुरे' म्हणत नाही.
काचेजवळ गेलं की क्लाउनफिशची जोडी वर येऊन नाचते. दर वेळी ती भूकच असते असं नाही. हा माणूस आला की वरून काहीतरी पडतं, एवढं त्यांना पाठ झालेलं असतं. मुरलेले हौशी लोक सांगतात, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं धरावं. माप ढोबळ आहे, पण चिमटीला आवर घालायला पुरतं.

२. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.
वाढ झालेल्या क्लाउनफिशला एकदा घातलं तरी चालतं. आमच्याकडे दोनदा घालतात, पण खाद्य तेवढंच, दोन वेळांत वाटून. सकाळी चार-पाच पेलेट, संध्याकाळी फ्रोझन मायसिसचा, म्हणजे इवल्या कोळंबीसारख्या जिवांचा, छोटा तुकडा. तो टँकच्याच कपभर पाण्यात वितळवून, गाळून घालायचा, कारण त्या गढूळ पाण्यातला फॉस्फेट शेवाळाचं पोट भरतो. (ती गाळणी चहाच्या गाळणीशेजारी टांगू नये. हा धडा मला बायकोने दिला.) खाद्य घालताना पंप दहा मिनिटं बंद ठेवतो आणि तो परत सुरू करायचा म्हणून मोबाइलवर गजर लावतो.

३. खातो मासा, पचवावं लागतं पाण्याला.
उरलेला दाणा आणि माशाची घाण, दोन्हींतून अमोनिया तयार होतो. टँकमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पूर्वी माझ्याकडे गोल्डफिश होते, त्यांनी माझा सढळ हात सोसला. खाऱ्या पाण्याचं गणित कडक आहे. तिथला पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि पीएच चढला की अमोनियाचा विषारी हिस्सा वाढतो. पीएच ७ च्या मानाने तो दहापटीच्या घरात जातो. म्हणजे तेवढाच अमोनिया, पण दंश कितीतरी जास्त.

४. घरात वाढपी एकच असावा.
पहिल्याच वर्षी माझी एक फायरफिश गेली. अमोनियाच्या टेस्ट किटमध्ये एरवी पिवळं राहणारं पाणी हिरवं झालं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी मी घालत होतो, दुपारी शाळेतून आल्यावर मुलगी, संध्याकाळी बायको. आणि आई रात्री दिवा मालवायच्या आधी कणकेच्या दोन गोळ्या सोडत होती. "अरे, उपाशी कसं झोपवायचं बिचाऱ्यांना?" प्रत्येकाने प्रेमाने एकदाच घातलं होतं. मासे मात्र चारदा जेवत होते. तेव्हापासून दिवसाचं खाद्य सकाळीच एका डबीत काढून ठेवतो. डबी रिकामी, म्हणजे पंगत उठली.

५. ओहोटीसुद्धा आपणच करायची.
समुद्रात वाढलेलं पाप लाटा वाहून नेतात. इथे ते बादलीने न्यावं लागतं. आमच्याकडे दर पंधरवड्याला २० लिटर पाणी बदलतात. आरओचं पाणी भरायचं, त्यात टँकसाठीचं खास मीठ साधारण ७०० ग्रॅम विरघळवायचं, क्षारता तपासायची. स्वयंपाकघरातलं मीठ इथे कामाचं नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा तो मेळ नसतो. दोन महिने ही बादली उचलली की चिमूट आपोआप लहान होते.

६. सगळ्यांची जेवणाची वेळ एक नसते.
माझा सगळ्यात सुंदर मासा, मँडरिन, भरल्या टँकमध्ये उपासमारीने गेला. तो दिवसभर खडकांवरचे कोपेपॉड नावाचे इवले जिवंत जीव टिपतो, पेलेटकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. टँगला दिवसभर चरायला समुद्री शेवाळ लागतं. अँथियासला थोडं थोडं, पण तीन-चारदा द्यावं लागतं. मोठ्या लायनफिशला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. क्लाउनफिश शक्यतो पैदास केंद्रातला घ्यावा. तो लहानपणापासून कोरड्या खाद्याला सरावलेला असतो आणि समुद्रातला एक मासा समुद्रातच राहतो.

७. लाइट गेली की जेवण बंद.
गोड्या पाण्याच्या मानाने खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो आणि पाणी तापलं की आणखी घटतो. खाल्लेलं पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो, कुजणारा दाणाही ऑक्सिजनच खातो. एप्रिल-मेच्या दुपारी पंप बंद पडला की मी आधी बॅटरीवरचा एअर पंप लावतो. खाद्याच्या डब्याला हात लावत नाही.

८. उपवासाने कोणी मरत नाही.
धडधाकट मोठा मासा दोन-चार दिवस सहज काढतो. आमच्याकडे एकादशीला आईबरोबर माशांचाही उपवास असतो, फक्त त्यांना साबुदाण्याची खिचडी नसते. ही कल्पना आईला एकदम पटली. अमोनियाचं शास्त्र मी तिला वर्षभर सांगत होतो, ते पटलं नव्हतं. आठवडाभर गावाला जायचं तर आईच्या औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी माशांच्या खाद्याने भरून शेजारच्या काकूंकडे देतो. दोन खण मुद्दाम रिकामे ठेवतो.

९. वाढताना बघायचं.
आता वाढपी आई आहे. डबीतल्या चार दाण्यांसाठी ती टँकसमोर खुर्ची टाकून बसते आणि एकेक दाणा सोडते. गेल्या महिन्यात तिनेच हाक मारली, "अरे, ती मोठी आज मागे का राहतेय?" जोडीतली मोठी म्हणजे मादी. पाणी तपासलं, तर हीटर अडकून तापमान ३० वर गेलेलं. मूठभर टाकत होतो तेव्हा पाण्यात सगळीकडे दाणेच दाणे असायचे. कोण आलं नाही, ते दिसायचंच नाही.