घरोघरी मुक्त ग्रंथ

बिदर-कलबुर्गी सीमाभागात मराठी ग्रंथ सहजी मिळत नाहीत, आणि आपल्या पुष्कळ मुलांचे शिक्षण कन्नडात होते. त्यांना मराठी वाचनाची गोडी लागावी कशी? येथे कायदाच साह्यास येतो. ग्रंथकाराच्या निधनाचे वर्ष संपल्यावर ६० वर्षांनी भारतात त्याच्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क सरतो. साने गुरुजी १९५० साली निवर्तले. म्हणून 'श्यामची आई' १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' त्याहून कितीतरी आधीच मुक्त झाले. असे जुने ग्रंथ मराठी विकिस्रोत व इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचावयास मिळतात. देवनागरीत नाव न सापडल्यास रोमन अक्षरांत शोधावे. तेथील नावे कधी कधी फारच विचित्र लिहिलेली असतात! मात्र मूळ ज्ञानेश्वरी मुक्त असली, तरी अलीकडील पंडिताने लिहिलेला तिचा अर्थ मुक्त नसतो. तो अनुमतीवाचून उतरवून घेऊ नये.