काळा डोंगर, गढूळ पाणी

शिमगा सरला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात डोंगरावरचे गवत वाळते. कोणी विडीचे थोटूक टाकतो. कोणाची भाजावळ वाऱ्याने हाताबाहेर जाते. कोणी मुद्दाम काडी लावतो. वणवा पेटतो. रात्रीत डोंगर काळा होतो.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही विचारले, "बाबा, गवत का जाळता?"

ते म्हणाले, "गुरुजी, जाळलं म्हंजे पुढच्या साली गवत जोमानं येतं."

आम्ही म्हणालो, "गवत येईल हो. पण त्याआधी पाऊस येईल, त्याचे काय?"

गवत आणि पालापाचोळा म्हणजे डोंगराची घोंगडी. पावसाचा मार ती आपल्या अंगावर घेते. पाणी हळूहळू मातीत मुरते. घोंगडी जळाली की थेंब उघड्या मातीवर आपटतात. राखेने मातीची छिद्रे बुजतात. पाणी मुरत नाही. माती घेऊन ते पऱ्यात धावते.

करून पाहा. एका घमेल्यात गवतासकट माती घ्या. दुसऱ्यात नुसती माती घेऊन वर राख पसरा. दोन्ही घमेली तिरकी धरा. दोन्हींवर तांब्याभर पाणी ओता. कुठले पाणी गढूळ निघते?

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रुइडोसो नावाचे गाव आहे. जून २०२४ मध्ये तिथले डोंगर वणव्यात जळाले. ८ जुलै २०२५ रोजी त्या डोंगरांवर जोराचा पाऊस पडला. बघता बघता नदीला लोंढा आला. ३ माणसे गेली. त्यांत २ लेकरे होती.

आपल्याकडे २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. तो पूर वणव्याने आला असे आम्ही म्हणत नाही. पाऊसच अतोनात होता. पण वाशिष्ठीत गाळही साचला होता. उघड्या डोंगराची माती शेवटी नदीतच जाते. नदी उथळ झाली की पाणी गावात शिरते.

म्हणून एवढे करावे. गवत जाळू नये, कापून ठेवावे. भाजावळीभोवतीचे गवत आधी काढावे. वारा असता काडी लावू नये. आग पुरती विझल्याशिवाय घरी जाऊ नये. डोंगर जळालाच, तर पावसाआधी उतारावर आडवे दगड, फांद्या रचाव्या.

आणि मुसळधार पावसात पऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, डोंगरातून गडगड ऐकू आली, तर सामान आवरत बसू नये. पोराबाळांना, म्हाताऱ्यांना घेऊन पऱ्यापासून आणि उतारापासून दूर जावे. भांडी पुन्हा मिळतील. माणूस मिळत नाही.