वाऱ्याची जमाबंदी

पवनचक्की उभारण्याच्या विचाराने जी मंडळी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, त्यांच्यापुढे मी यंत्रांची माहितीपत्रके न ठेवता प्रथम माझा स्वतःचा अपराध ठेवतो. कारण त्या अपराधाची किंमत मी नव्हे, तर पाथरी तालुक्यातील गोदाकाठच्या एका शेतवस्तीवरील अकरा कुटुंबांनी मोजली आहे, आणि ज्यांनी कापसाच्या पट्टीतून रक्कम काढून विश्वासाने माझ्या हाती दिली, त्यांचे ऋण हा तपशील इतरांच्या उपयोगी पडल्यानेच थोडेफार फिटेल असे मला मनापासून वाटते.

ते 2006 साल होते. भारनियमनामुळे तारा पोहोचलेली गावेदेखील दिवसाचे कित्येक तास अंधारात असताना, गावापासून कोसभर दूर असलेल्या वस्तीचे अर्ज दप्तरात पडून राहिले, याचे कोणालाच नवल वाटत नव्हते. मी तेथील शाळेचा मुख्याध्यापक. आदल्या वर्षी आषाढात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मी शेकडो पवनचक्क्या फिरताना पाहिल्या होत्या, आणि परत आल्यावर आमच्या वस्तीवरही दोरीवरची लुगडी उडवून नेणारा, कुडाच्या भिंती हलवणारा वारा सुटलेला पाहून, जे तेथे साधले ते येथे का साधू नये, असा सरळ निष्कर्ष काढला होता. चाळकेवाडीचे पठार सह्याद्रीच्या माथ्यावर, हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि आम्ही नदीच्या सखल खोऱ्यात राहतो. आपल्या देशातील पहिल्या पवनचक्क्या 1986 साली उभ्या राहिल्या त्यादेखील रत्नागिरी, ओखा अशा खुल्या समुद्रकिनाऱ्यांवर, हे भूगोल शिकवणाऱ्या माणसाला ठाऊक असूनही त्या वेळी आठवू नये, याचा विषाद आजही वाटतो.

दोन मीटर व्यासाचे, 500 वॅट क्षमतेचे यंत्र, तीस फुटांचा लोखंडी खांब, त्याला चार दिशांनी तारांचे ताण आणि खाली बॅटऱ्यांची पेटी, एवढा सरंजाम ज्येष्ठात उभा राहिला. आषाढ आणि श्रावण हे दोन महिने वस्तीने खरोखर सुखात घालवले. पहिल्या रात्री दिवा लागला तेव्हा एका वृद्ध मावशींनी त्याला हळदकुंकू वाहिले आणि त्या उजेडात आपला तळहात उलटसुलट करून बराच वेळ पाहत बसल्या. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून आजही हलत नाही.

पुढे भाद्रपद सरला, आणि पाती थांबू लागली. कार्तिकात सकाळी धूर सरळ वर चढे आणि खांबावरची चक्की चित्रातल्यासारखी निश्चल उभी असे. नेमकी त्याच दिवसांत जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाळी येते. ज्वारीला आणि हरभऱ्याला रात्री-अपरात्री पाणी द्यायला माणसे बाहेर पडतात, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. "गुरुजी, पावसाळ्यात आम्ही सांजच्यालाच निजतो, तवा तं दिवा लखलख करायचा, अन् आता पाण्यावर जायचं तं मिणमिणतोय," असे एकाने म्हटले, त्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण माझ्या साऱ्या योजनेतील दोष त्या एका वाक्यात उघडा पडला होता. गरजेचे पंचांग आणि वाऱ्याचे पंचांग मी शेजारी शेजारी ठेवून कधी पाहिलेच नव्हते.

यंत्रावर लिहिलेल्या आकड्याचा अर्थही मला फार उशिरा उमगला. 500 वॅट हा आकडा ताशी 36 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यासाठी होता. वाऱ्याचा वेग निम्मा झाला म्हणजे शक्ती निम्मी होत नाही, ती आठव्या हिश्श्यावर येते. वेग तृतीयांश झाला की सत्ताविसाव्या हिश्श्यावर. म्हणजे ताशी 12 किलोमीटरच्या वाऱ्यात तेच यंत्र अठरा-एकोणीस वॅटच देणार, आणि असा वारा चोवीस तास अखंड वाहिला, तरी जेमतेम 440 वॅट-तास जमणार. अकरा घरांत अकरा-अकरा वॅटचा एकेक दिवा चार तास लावायचा तर 484 लागतात. बॅटरीत वाया जाणारी वीज वेगळीच. हा हिशेब चौथीच्या पाटीवर मावतो. खरेदीचा करार होण्यापूर्वी मी तो मांडला नाही. शिवाय खांबालगतच कडुनिंब आणि चिंच होती. आसपासच्या शंभर-दीडशे मीटरमधील सर्वांत उंच झाडापेक्षा पात्याचे खालचे टोक निदान तीस फूट वर असावे लागते, नाहीतर झाडांनी मोडलेला, भोवऱ्यासारखा वारा पात्यांना मिळतो, आणि त्याने शक्ती तर येत नाहीच, उलट यंत्र झिजते.

आता काळ्या मातीविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बाहेरून येणाऱ्या कारागिरास ती ठाऊक नसते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात तिच्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. आमच्या ताणांच्या खुंट्या तीन फूट खोल पुरल्या होत्या. फाल्गुनापासून त्या सैल पडत गेल्या, तारा हाताने हलू लागल्या, आणि "पुढच्या आठवड्यात आवळू" असे म्हणत असतानाच वैशाखातल्या एका संध्याकाळी वळवाच्या वावटळीने खांब कडब्याच्या गंजीवर आडवा केला. माणूस किंवा जनावर खाली नव्हते, ही केवळ ईश्वराची कृपा. म्हणून मी सांगतो, की पाया काळ्या मातीत धरू नये. मुरूम लागेपर्यंत खोदावे, आणि तो लागतच नसेल तर ती जागा सोडून मुरमाड माळ शोधावा. तारांचा ताण पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासलाच पाहिजे.

बॅटऱ्यांचे हाल याहून वाईट झाले. आषाढात त्या अति भरून उकळल्या, हिवाळ्यात अर्धवट भरलेल्या पडून राहिल्या, आणि बॅटरीचे पाणी संपले तेव्हा कोणी विहिरीचे घातले. दोष त्या माणसाचा नव्हता. यंत्र सर्वांचे होते, पण त्याची जबाबदारी नाव घेऊन कोणावर सोपवलेली नव्हती. स्कॉटलंडमधील स्कोरेग या, रस्ता न पोहोचलेल्या वस्तीत ह्यू पिगट यांनी स्वतःच्या हातांनी चक्क्या घडवल्या आणि इतरांना घडवायला शिकवल्या. तेथे त्या वर्षानुवर्षे चालल्या, कारण तेथील वारा समर्थ होता आणि यंत्र दुरुस्त करणारा माणूस त्याच वस्तीत राहत होता. आपल्याकडे वस्तीवरील एखाद्या चलाख मुलास किंवा सुनेस खांब खाली उतरवणे, पाती तपासणे आणि बॅटरी राखणे शिकवल्याखेरीज, आणि दर महिन्याला दुरुस्तीची वर्गणी बाजूला काढल्याखेरीज यंत्र आणूच नये.

पवनचक्की निरुपयोगी आहे असे मात्र कोणी समजू नये. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरून राहते तेव्हा सौर पट्ट्या थकतात आणि नेमका तेव्हाच आपल्याकडे वारा जोरात असतो. हिवाळ्यात वारा पडतो आणि ऊन स्वच्छ असते. म्हणून गोदाकाठी मुख्य भार सौर पट्ट्यांवर ठेवून, जागा खुली असेल तरच लहान चक्की जोडीला घ्यावी. आम्ही पुढे सौर पट्ट्या बसवल्या. मावशींच्या घरातला दिवा मार्गशीर्षातही लागला.

सध्या जिंतूरच्या डोंगराळ भागातील एका तांड्यावरच्या तरुणांनी मला बोलावले आहे. त्यांची टेकडी उघडी आहे, खाली मुरूम आहे, आणि त्यांचा उत्साह मला माझ्या त्या दिवसांची आठवण देणारा आहे. त्यांना यंत्र निवडू न देता मी उंच वासा रोवला आहे, त्यावर वेगमापक बसवला आहे, आणि सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळांचे आकडे लिहिण्यासाठी शाळेची एक वही दिली आहे. आषाढातील पाने मोठ्या आकड्यांनी भरली आहेत. वही कार्तिक वद्य पंचमीपर्यंत आली आहे. मार्गशीर्ष, पौष आणि माघ अजून लिहायचे आहेत.